इळ्याच्या आकाराचं रक्त : पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातून पाहिलेला पॅथॉलॉजीचा इतिहास

पांढुर्ण्यात किंवा सौंसरला डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली की घरचे म्हणतात, ‘जा, पॅथॉलॉजीत रक्त देऊन ये.’ पॅथॉलॉजी म्हणजे शटरचं दुकान. आत एक फ्रिज, एक सूक्ष्मदर्शक, एक-दोन मशिनं, आणि दुपारनंतर मिळणारा कागद. हा शब्द एका वैद्यकीय शास्त्राचा आहे, त्याला मराठीत विकृतिशास्त्र म्हणतात आणि एमबीबीएस झाल्यावर पुढे तीन वर्षं तेवढंच शिकून लोक एमडी होतात, हे आपल्या बाजारात कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. नसायला हरकतही नाही. किराणा घेताना कोणी अर्थशास्त्र आठवत नाही.

या विषयावर वाचीन असं मी मंडळाच्या बैठकीत म्हटलं, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, ‘अहो, आपण देवगडचा किल्ला, जुने वाडे, सतीशिळा बघणारी माणसं. रक्ताच्या तपासणीत कसला वारसा?’ प्रश्न बरोबर होता आणि उत्तर प्रश्नातच होतं. आपल्या पट्ट्यात एक असा रोग आहे जो खराखुरा वारशाने येतो, आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा. देवगडच्या किल्ल्याचे दगड रचले गेले त्याच्याही आधीपासून तो इथल्या माणसांच्या रक्तात असावा. त्याला नाव मात्र मिळालं १९५० च्या दशकात. रोग किती जुना हा एक इतिहास, आणि तो आहे हे आपल्याला केव्हा कळलं हा दुसरा. हा निबंध मुख्यतः दुसऱ्याचा आहे.

रोगाचं नाव सिकलसेल. सिकल म्हणजे विळा, आपल्या बोलीत इळा.

कोटवाराच्या वहीतला ताप

इंग्रजी अमलात मध्य प्रांतात जन्ममृत्यूची नोंद गावच्या कोटवाराकडून व्हायची. (विदर्भात कोतवाल म्हणतात, आपल्याकडे कोटवार. हा फरक आजही टिकून आहे.) कोटवार ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात हजेरीला जायचा, तेव्हा गावात कोण जन्मलं, कोण गेलं हे सांगायचा. गेलं तर कशाने, याचे रकाने ठरलेले होते : कॉलरा, देवी, प्लेग, ताप, हगवण-आमांश, श्वासाचे विकार, अपघात-साप-वाघ, आणि उरलेलं सगळं. पटकी आणि देवी कोणालाही ओळखता यायची. बाकीचं जे काही अंग तापवून माणूस नेतं, ते ‘ताप’. त्यामुळे मध्य प्रांताच्या अहवालांत वर्षामागून वर्ष सगळ्यांत मोठा आकडा तापाचाच दिसतो.

१९०७ साली आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेलं छिंदवाडा जिल्ह्याचं गॅझेटियर आपल्यापैकी बहुतेकांनी चाळलेलं आहे. सौंसर तहसील म्हणजे घाटाखालचा काळ्या मातीचा, कापसाचा, मराठी बोलणारा भाग, हे चित्र त्यात स्पष्ट आहे. जमीन, पिकं, जाती, बोली यांची इतकी बारकाईने मोजणी करणाऱ्या राज्ययंत्रणेकडे माणसं कशाने मरतात याचं उत्तर मात्र कोटवाराच्या एका शब्दापुढे जात नव्हतं. मला यात कोटवाराचा दोष दिसत नाही. त्याला जे डोळ्यांना दिसलं ते त्याने सांगितलं. जे डोळ्यांना दिसत नाही ते बघण्यासाठीच पॅथॉलॉजी जन्माला आली होती, फक्त ती रामाकोना-लोधीखेड्यापर्यंत पोचली नव्हती.

आणखी एक गोष्ट या गोंधळात भर घालत होती. त्या काळी एखाद्या गावात हिवताप किती आहे हे ठरवायची पद्धत सोपी होती : मुलांना ओळीने उभं करायचं, पोटाच्या डाव्या बाजूला बोटं दाबायची आणि पाणथरी हाताला लागते का ते बघायचं. शंभरात किती मुलांची पाणथरी वाढलेली, त्यावरून गावाचा हिवताप ठरे. पद्धत हुशारीची होती. पण सिकलसेलच्या लहान मुलाचीही पाणथरी वाढते. त्याचेही डोळे पिवळे होतात, तोही वरचेवर तापाने पडतो, त्याचंही रक्त कमी असतं. सातपुड्याच्या पायथ्याशी दोन्ही रोग एकाच अंगणात. अशा मुलाच्या पोटावर बोट ठेवून कोणताही डॉक्टर हिवतापच म्हणाला असता, आणि अनेकदा तो बरोबरही ठरला असता.

चीरघर ते काच

युरोपात पॅथॉलॉजीची सुरुवात मेलेल्या माणसांपासून झाली. शव उघडून कोणता अवयव कसा बिघडला ते बघायचं आणि जिवंतपणीच्या लक्षणांशी जुळवायचं. १८५८ मध्ये बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो यांनी ‘पेशींचं विकृतिशास्त्र’ या विषयावरची आपली व्याख्यानं छापली आणि लक्ष अवयवाकडून पेशीकडे वळलं : रोग यकृताला होत नाही, यकृताच्या पेशींना होतो. तिथून पुढे सूक्ष्मदर्शक हे या शास्त्राचं मुख्य हत्यार झालं.

आपल्याकडे मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. नागपुरात त्या दर्जाचं कॉलेज यायला आणखी शंभर वर्षं लागली. मध्ये होतं ते रॉबर्टसन मेडिकल स्कूल. तिथून एलएमपी होऊन निघालेले डॉक्टर मध्य प्रांताच्या तहसिलीच्या गावांत दवाखाने सांभाळत. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘एलेम्पी डॉक्टर’ येतो तो हाच. त्यांच्याकडे नाडी, जीभ, स्टेथॉस्कोप आणि मोठा अनुभव असायचा. रक्त तपासायचं तर रोग्याला नागपूर गाठावं लागे.

गावच्या लोकांना या शास्त्राचं जे पहिलं दर्शन झालं ते दवाखान्यामागच्या चीरघरात. पोलीस केसमधलं मढं तिथे जायचं. खरं तर ते न्यायवैद्यक, पॅथॉलॉजी नव्हे. पण चिरफाड करून कारण शोधतात एवढी एकच गोष्ट लोकांच्या मनात राहिली, आणि ‘तपासणी’ या शब्दाला एक अशुभ वास चिकटला. आजही एखादी आजी सुईने चार थेंब रक्त काढायला का-कू करते, तेव्हा मला ते चीरघर आठवतं.

इकडे १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रोग्याची हकिगत छापली. रोगी वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण होता, वॉल्टर क्लेमेंट नोएल. त्याच्या रक्ताच्या काचेवर लाल पेशी गोल दिसण्याऐवजी लांबट, वाकड्या, विळ्यासारख्या दिसल्या होत्या. १९०४ मध्ये हे पहिल्यांदा पाहिलं ते हेरिक यांच्या हाताखालच्या अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टराने. श्रेय वरिष्ठांना मिळालं, जसं बहुतेक वेळा मिळतं.

अमेरिकेत पुढची पस्तीस-चाळीस वर्षं हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचा रोग म्हणून गणला गेला. एखाद्या गोऱ्या माणसात सापडला तर त्याच्या खानदानात ‘मिसळ’ शोधली जायची. भारतात तो असेल असं वाटण्याचं कोणाला कारणच नव्हतं, म्हणून कोणी बघितलंही नाही. पॅथॉलॉजीतली ही जुनी अडचण आहे : काच खोटं बोलत नाही, पण काचेवर कोणाचं रक्त घ्यायचं हे आधीच्या समजुती ठरवतात.

खानोलकर आणि धोतर

भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. गोमंतकीय मराठी घराणं, जन्म १८९५ चा क्वेट्टा इथला. १९२३ मध्ये लंडनहून पॅथॉलॉजीत एमडी होऊन आले, मुंबईत ग्रँट मेडिकल आणि सेठ गो. सुं. मेडिकल कॉलेजात शिकवलं, आणि १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं तेव्हा तिथली प्रयोगशाळा उभी केली. १९४९ मध्ये देशातल्या पॅथॉलॉजिस्टांची संघटना झाली तिचे ते पहिले अध्यक्ष.

आपल्या विषयात ते येतात ते त्यांच्या बघण्याच्या पद्धतीमुळे. १९४५ मध्ये त्यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह एक निबंध लिहिला. त्यात लोकांच्या सवयींशी जोडलेले कर्करोगाचे तीन प्रकार होते. एक चुट्ट्याचा, म्हणजे आंध्रकिनाऱ्याकडे विडीचं जळतं टोक तोंडात ठेवून ओढतात त्याचा. दुसरा खैनीचा, ओठाच्या आतल्या बाजूचा. आणि तिसरा धोतराचा! धोतर कमरेला रोज एकाच जागी करकचून बांधल्याने तिथली कातडी वर्षानुवर्षं घासली जाते, डाग पडतो आणि काहींना तिथे गाठ येते. काचेवर गाठीचा तुकडा बघून ‘कर्करोग’ लिहिणं हे काम कोणीही पॅथॉलॉजिस्ट करील. तो कमरेच्या त्याच रेषेवर का, हे विचारायला रोग्याचं धोतर दिसावं लागतं. आपल्या भागात म्हातारी माणसं अजून धोतर नेसतात, म्हणून ही गोष्ट मला दूरची वाटत नाही.

१९४९ मध्ये सांघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतल्या सहा जातिसमूहांचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुण मोजून प्रसिद्ध केले. जातीबाहेर लग्न न करण्याच्या शेकडो वर्षांच्या रीतीचा ठसा रक्तात उमटतो का, हा प्रश्न आता प्रयोगशाळेत आला होता. नागपूरचं जे काम पुढे झालं त्याला ही हवा पोषक होती.

मेडिकलची काच, १९५८

स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९४७ मध्ये, नागपुरात मेडिकल कॉलेज सुरू झालं. नागपूरकर त्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात आणि आपणही तेच म्हणतो. ‘मेयोत नेलं का मेडिकलला?’ हा प्रश्न सौंसरच्या बसस्टँडवर कोणालाही कळतो. पांढुर्णा इटारसी-नागपूर लोहमार्गावर, नागपूरपासून शंभरेक किलोमीटर. सौंसर त्याहून जवळ, आणि तिथून नागपूरला जाणारी छोटी लाइन २०१५ पर्यंत होती. रोग्याला बाजेवरून उचलायचं आणि छोट्या गाडीत टाकायचं, हा दोन-तीन पिढ्यांचा रिवाज.

भारतात सिकलसेल असल्याच्या पहिल्या दोन बातम्या १९५२ मध्ये आल्या, दोन्ही आपल्यापासून लांबच्या. लेहमन आणि कटबुश यांना तो निलगिरीच्या आदिवासींत सापडला. त्याच वर्षी डनलप आणि मजुमदार यांनी वरच्या आसामातल्या चहामळ्यांच्या मजुरांत नोंदवला. हे मजूर मूळचे आसामचे नव्हते, बिहार-ओडिशाच्या बाजूने नेलेले होते. म्हणजे रोग आसामात ‘सापडला’, तरी त्याचं गाव दुसरीकडेच होतं.

मग १९५८. नागपूर मेडिकलचे डॉ. शुक्ल आणि डॉ. सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’ या लंडनच्या नामांकित साप्ताहिकात मध्य भारतातल्या सिकलसेलवर टिपण छापलं, आणि त्याच वर्षी डॉ. परांडे यांना सोबत घेऊन ‘ब्लड’ या अमेरिकी मासिकात मोठा निबंध लिहिला. त्यांच्या कामाचं खरं महत्त्व यात की रोग जंगलातल्या जमातींपुरता राहिला नाही. नागपूरच्या आसपास नांदणाऱ्या, शेती-मजुरी करणाऱ्या गावगाड्यातल्या जातींतही तो आहे हे दिसलं. महार, कुणबी, तेली, गोंड, प्रधान अशी जी नावं पुढच्या अभ्यासांत येत राहिली, ती सगळी मोहगाव, पिपळा, लोधीखेडा, पांढुर्ण्याच्या वस्तीतही आहेत. नागपूरच्या काचेवर जे दिसलं ते आपलंच चित्र होतं.

पण तारीख बघा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. तोवर नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि आपण त्याच राज्यात. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातल्या मराठी सौंसर तहसिलीसह, भोपाळच्या राज्यात राहिला. मुळात नागपूर शहर वसवलं ते देवगडच्या बख्त बुलंदाने, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या राजाने. ही आठवण आपण दर बैठकीत काढतो, इथेही काढतो. ‘मध्य भारतातला सिकलसेल’ छापून आला तेव्हा ती काच आणि तो रोगी यांच्यामध्ये पंधरा महिन्यांपूर्वीच एक सीमा आली होती. नव्या राज्याची मेडिकल कॉलेजं जबलपूर, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेरला. आपल्या लोकांनी काही ती वाट धरली नाही. ते नागपूरलाच जात राहिले, फक्त आता कागद एका राज्याचे आणि दवाखाना दुसऱ्या राज्यातला. आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारं केंद्र १९८४ मध्ये जबलपूरला झालं आणि तिथे सिकलसेलवर पुष्कळ काम झालं, पण घाटाखालचा मराठी माणूस तिकडच्या नजरेत थोडा कडेलाच पडतो. हे माझं मत, कोणाला पटणार नाही.

ती काच कशी करतात

इथे जरा थांबून कृती सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातच आहे.

बोटाचा किंवा शिरेतला रक्ताचा एक थेंब काचपट्टीच्या टोकाला ठेवायचा. दुसरी काचपट्टी तिरकी धरून तो थेंब एका झटक्यात पसरायचा. हात हलका हवा आणि थांबायला नको, नाहीतर थर जाड होतो. हवेवर वाळवून लीशमनचा रंग घालायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी फिकट गुलाबी दिसतात, मधे थोड्या पांढुरक्या, पापडासारख्या. ज्याला पूर्ण रोग आहे त्याच्या काचेवर अशा पापडांमध्ये इळे दिसतात.

ज्याला आई-बापांपैकी एकाकडूनच हा दोष मिळाला, तो वाहक. त्याच्या साध्या काचेवर काहीच दिसत नाही. त्याच्या पेशी गोलच असतात, तो धडधाकट असतो, नांगर धरतो, संत्र्यांच्या पेट्या उचलतो. त्याचा दोष बघायचा तर पेशींचा प्राणवायू काढून घ्यावा लागतो. रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइटचं द्रावण मिसळायचं, वर पातळ काच ठेवायची, कडा व्हॅसलीनने बंद करायच्या आणि वाट बघायची. अर्ध्या तासात, कधी जास्त वेळात, गुदमरलेल्या पेशी वाकायला लागतात. यालाच सिकलिंग टेस्ट म्हणतात. दुसरी सोपी चाचणी विद्राव्यतेची : रक्त एका रसायनात टाकलं की द्रावण गढूळ होतं आणि नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. शिबिरांमध्ये ही चालते, कारण स्वस्त आहे आणि तिला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

आणि आता मुद्दा. या दोन्ही चाचण्या वाहकातही होकार देतात आणि रोग्यातही. दोघांतला फरक त्या सांगत नाहीत. तो सांगायला हिमोग्लोबिनची विजेच्या प्रवाहात शर्यत लावावी लागते, तिला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. साधं हिमोग्लोबिन पुढे जातं, सिकलचं मागे राहतं. दोन पट्टे दिसले तर वाहक, मागचाच मुख्य पट्टा दिसला तर रोगी. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीने दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एका रोगाचं मूळ एका रेणूत सापडल्याची ही पहिली वेळ. पुढे केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष किती छोटा आहे ते दाखवलं : साखळीतला सहावा मणी, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. एवढ्याशा बदलाने एकशेवीस दिवस जगणारी लाल पेशी दहा-वीस दिवसांत मरते, आणि मरण्याआधी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून हाडांमध्ये असह्य कळा आणते. थंडीत, उन्हात पाणी न पिता कापूस वेचताना, तापात, अतिश्रमात हे जास्त होतं. आपल्याकडे याला हाडं ठणकणं, अंग फुटणं, वात म्हणत आले. तान्ह्या बाळाचे हातपाय सुजले तर ‘दृष्ट लागली’ म्हणत. सहा महिन्यांपर्यंत बाळाच्या अंगात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, ते त्याला सांभाळतं. म्हणून चांगलं गुटगुटीत मूल अचानक कोमेजतं आणि कोणाच्या तरी नजरेवर आळ येतो.

हा दोष इतक्या लोकांत टिकला कसा? १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासावरून दाखवलं की वाहकांना घातक हिवतापापासून संरक्षण मिळतं. म्हणजे सातपुड्याच्या हिवतापी दऱ्यांत ज्याला अर्धा दोष होता तो मूल म्हणून जगायची शक्यता जास्त. कोटवाराच्या वहीतल्या ‘तापा’तून जे वाचले, त्यांच्यातले काही या दोषामुळेच वाचले. आणि हा दोष आफ्रिकेतून आला का, या जुन्या प्रश्नाचं उत्तर १९८० च्या दशकात जनुकांच्या अभ्यासाने दिलं : भारतातला प्रकार वेगळा आहे, तो आशियातच स्वतंत्रपणे उपजला. खानदानात ‘मिसळ’ शोधणाऱ्यांचा मुद्दा तिथेच संपला.

एक कागद

माझ्या ओळखीतल्या एका घरातली ही गोष्ट. गाव, वर्ष, पॅथॉलॉजी काहीच सांगत नाही. मुलीला वरचेवर थकवा यायचा म्हणून रक्त तपासलं. कागदावर एकच ओळ : ‘सिकलिंग : पॉझिटिव्ह’. वडिलांनी मला विचारलं होतं, ‘भाऊ, पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं ना?’ मलाही तेव्हा धड सांगता आलं नाही. तो कागद पत्र्याच्या पेटीत गेला, पण बातमी पेटीत राहिली नाही. ठरलेलं लग्न मोडलं. ‘सिकलची पोर’ हे नाव तिला चिकटलं आणि तीन-चार वर्षं ती घरात रोगी म्हणून वावरली. जड काम नको, बाहेर जाणं नको. पुढे कोणीतरी नागपूरला नेलं, इलेक्ट्रोफोरेसिस झालं. ती वाहक निघाली. थकवा साध्या लोहाच्या कमतरतेचा होता, गोळ्यांनी गेला.

ज्या मुलाशी लग्न मोडलं त्याचं रक्त कोणी तपासलंच नव्हतं. तो वाहक नसता, तर त्यांच्या एकाही मुलाला रोग झाला नसता. दोघंही वाहक असले तरच प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता रोगी मुलाची, चारात दोन वाहकाची आणि चारात एक पूर्ण निर्दोष मुलाची. हे गणित एका ओळीचं आहे, पण ते त्या कागदावर नव्हतं. कागद देणाऱ्या पोरानं काही चूक केली नव्हती. चाचणीचं उत्तर खरंच ‘पॉझिटिव्ह’ होतं. त्या उत्तराचा अर्थ सांगणारं माणूस त्या साखळीत कुठेच नव्हतं, आणि तो अर्थ सांगणं हेच पॅथॉलॉजिस्टचं काम.

डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. त्यावर तंत्रज्ञांनी विचारलेला प्रश्नही खोटा नव्हता : तहसिलीच्या गावात एवढे एमडी आणायचे कुठून? वर्षानुवर्षं गावांची रक्तं त्यांनीच तपासली आहेत.

महाराष्ट्रात या रोगाभोवतीचं मौन तोडलं ते डॉक्टरांइतकंच रोग्यांच्या आईबापांनी. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत फिरून तपासण्या केल्या. नागपूरचे संपत रामटेके यांच्या स्वतःच्या घरात हा रोग होता. त्यांनी रोग्यांच्या कुटुंबांची संघटना बांधली, सरकारदरबारी खेटे घातले. त्यांच्या मृत्यूनंतर २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला तो अशाच रेट्यामुळे. रामटेके काही पॅथॉलॉजिस्ट नव्हते, पण काचेवरचा इळा लोकांच्या भाषेत आणण्याचं काम त्यांच्यासारख्यांनी जास्त केलं, असं मी म्हणेन.

अभ्यासांतल्या जातवार तक्त्यांबद्दल एक शब्द बोलायला हवा. कोणत्या समूहात वाहक किती, हे कळल्याशिवाय तपासणी कुठे न्यायची ते ठरत नाही. कुठे शंभरात एक, कुठे पस्तीस-चाळीस, इतका फरक आहे. पण तोच तक्ता गावात आला की ‘हा त्यांचा रोग’ होतो. मग त्या जातीतले तपासायला लाजतात आणि इतर जातीतले तपासायची गरजच नाही म्हणतात. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच अनेक जातींत तो दाखवला होता, तरी.

एकाच वर्षाच्या दोन तारखा

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्याच शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांत ४० वर्षांखालच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. छिंदवाड्याला मेडिकल कॉलेज त्याआधी २०१९ मध्ये आलं होतं. पांढुर्णा म्हटलं की बाहेरच्यांना अजून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार तेवढी आठवते, पण जिल्हा झाल्यावर जिल्ह्याची आकडेवारी वेगळी निघते, आणि घाटाखालचे आकडे छिंदवाड्याच्या बेरजेत विरघळायचे थांबतात.

मंडळाच्या वाचकांना एक विनंती. आपल्या भागातल्या एलएमपी डॉक्टरांची रोजची रजिस्टरं, जुन्या सरकारी दवाखान्यांच्या वह्या, कोटवारांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, नागपूर मेडिकलच्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या चिठ्ठ्या कोणाच्या माळ्यावर, पेटीत असतील तर रद्दीत घालण्याआधी कळवा. फोटो काढून ठेवू. मात्र फोटो काढताना रोग्याचं नाव आणि आडनाव कागदाच्या पट्टीने झाका. रजिस्टर साठ वर्षांचं जुनं असलं तरी घर त्याच गल्लीत असतं, आणि त्या घरातल्या नातीची सोयरीक कदाचित यंदा जुळवत असतील.